आठ चव्वेचाळीसची मूळ संख्या

१९ जानेवारी २०३८, मंगळवार. सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. दादरच्या पुलावर तेव्हा नेहमीचीच गर्दी असेल. कुणी डबा छातीशी धरून जिना उतरत असेल, कुणी सुटत्या गाडीच्या दांड्याला हात घालत असेल. नेमक्या त्याच सेकंदाला जुन्या पद्धतीच्या कॉम्प्युटरांमध्ये चाललेली एक मोजणी आपल्या शेवटच्या आकड्यावर येऊन टेकेल. तो आकडा आहे २,१४,७४,८३,६४७. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस.

१ जानेवारी १९७० रोजी ग्रीनिचच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजता, ही मोजणी शून्यापासून सुरू झाली असं मानतात. तेव्हापासून प्रत्येक सेकंदाला एक वाढतो. जुन्या यंत्रणांनी या आकड्यासाठी ३२ जागा राखून ठेवल्या. जागा म्हणजे दिव्याचं बटणच समजा, चालू किंवा बंद. एक बटण अधिक-उण्याच्या खुणेला गेलं, उरली ३१. पहिल्या बटणाची किंमत १, दुसऱ्याची २, मग ४, ८, १६, अशी दुप्पट होत जाते. एकतीसही बटणं चालू केली की बेरीज येते २,१४,७४,८३,६४७. त्यात आणखी एक मिळवायला जागाच नाही. पुढच्या सेकंदाला अधिक-उण्याचं बटण उलटतं, आकडा ऋण होतो आणि ती यंत्रणा आपण डिसेंबर १९०१ मध्ये आहोत असं समजू लागते. नव्या यंत्रणांनी ६४ जागा घेतल्या आहेत, त्यामुळे त्यांचं निभावेल. जुनी उपकरणं तोवर बदलावी लागतील.

या आकड्याबद्दल एवढं पुष्कळ जणांनी वाचलेलं असतं. माझं त्याच्यावरचं प्रेम मात्र वेगळ्या कारणासाठी आहे. हा आकडा मूळ संख्या आहे. १ आणि तो स्वतः सोडले तर जगातल्या कोणत्याही पूर्ण संख्येनं त्याला निःशेष भाग जात नाही. आणि ही गोष्ट कॉम्प्युटर नव्हता तेव्हा, १७७२ साली, लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञानं कागदावर सिद्ध केली. तो तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होता, पासष्टीच्या आसपासचा, आणि त्याची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली होती. डॅनियल बर्नुली या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्यानं हे कळवलं. आपल्याकडे त्याच वर्षी थेऊरला थोरले माधवराव पेशवे गेले. एवढ्या जुन्या काळातली ही गोष्ट.

मी लालबागला मुलांना गणित शिकवते. नववी-दहावीच्या दोन तुकड्या मिळून बावीस मुलं. वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात हा आकडा बरेच दिवस लिहिलेला होता. मुलांचा प्रश्न साहजिकच होता: बाई, डोळ्यांनी धड न दिसणाऱ्या माणसानं एवढ्या मोठ्या संख्येला सगळ्या संख्यांनी भागून पाहिलं तरी कसं? हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी थोडं सोपं करून घेऊ. आपली संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात, उणे १. २ च्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. मर्सेन हा सतराव्या शतकातला फ्रेंच पाद्री. १६४४ साली त्यानं अशा घातांकांची यादी दिली होती. ३, ७, ३१, १२७ या सुरुवातीच्या मर्सेन मूळ संख्या.

घातांक मूळ नसेल तर ही संख्या मूळ असूच शकत नाही, आणि ते बटणांवरूनच दिसतं. समजा १५ बटणं ओळीत चालू आहेत. त्यांचे तीन-तीनचे पाच गट पाडा. प्रत्येक गट हुबेहूब सारखा, म्हणून पूर्ण संख्येला त्या एका गटाच्या किमतीनं, म्हणजे ७ नं, भाग जातो. पाच-पाचचे तीन गट पाडले तर ३१ नं भाग जातो. आपल्या नेहमीच्या लिखाणात १,११,१११ ला १११ नं भाग जातो ना, तसंच हे. १५ बटणांचा आकडा ३२,७६७. तो ७ × ३१ × १५१ असा फुटतो. ६४ जागांच्या कॉम्प्युटरमध्ये ६३ बटणं असतात. ६३ ला ३ नं आणि ७ नं भाग जातो, म्हणून तिथला सगळ्यात मोठा आकडाही फुटतो. ३२ जागांच्या यंत्रणेत ३१ उरले, आणि ३१ स्वतः मूळ. कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनी मूळ संख्या हवी म्हणून ३२ जागा निवडल्या नव्हत्या, हा निव्वळ योगायोग. पण फार देखणा योगायोग.

घातांक मूळ असला म्हणजे काम झालं असंही नाही. ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात उणे १ म्हणजे २,०४७, आणि २,०४७ = २३ × ८९. म्हणजे ३१ च्या बाबतीत खरोखर तपासणीच करावी लागणार.

तपासायचं किती? एखादी संख्या फुटत असेल तर तिचा एक तरी विभाजक तिच्या वर्गमुळाच्या आत असतो. दोन्ही विभाजक वर्गमुळापेक्षा मोठे असले तर त्यांचा गुणाकार संख्येच्या पलीकडे जाईल. आपल्या संख्येचं वर्गमूळ आहे ४६,३४० आणि वर थोडं. म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. त्या आहेत सुमारे चार हजार आठशे. दहा आकडी संख्येचे चार हजार आठशे भागाकार, आणि त्याआधी त्या मूळ संख्यांची यादीही हाताशी हवी. ऑयलरला जास्तीत जास्त ३७२ भागाकार पुरले. उरलेले त्यानं टाळले ते नुसत्या विचारानं, एकही भागाकार न करता. तो विचार मुलांना फळ्यावर पटेना, म्हणून मी सगळ्यांना आमच्या इमारतीच्या गच्चीवर नेलं.

बावीस मुलांच्या शर्टांवर १ ते २२ आकड्यांच्या चिठ्ठ्या टाचल्या. आता २३ तासांचं एक घड्याळ कल्पा. आपल्या बारा तासांच्या घड्याळात ९ नंतर ५ तासांनी १४ न म्हणता आपण २ म्हणतो, तसं इथे २३ ओलांडलं की २३ वजा करायचे. नियम एकच: आपल्या आकड्याची दुप्पट करायची, २३ च्या वर गेली तर २३ वजा करायचे, आणि जो आकडा येईल त्या मुलाच्या खांद्यावर उजवा हात ठेवायचा.

१ नं २ च्या खांद्यावर हात ठेवला. २ नं ४ च्या, ४ नं ८ च्या, ८ नं १६ च्या. १६ ची दुप्पट ३२, त्यातून २३ गेले, ९. मग १८. मग ३६ मधून २३ गेले, १३. मग ३, ६, १२. बाराची दुप्पट चोवीस, २३ गेले, उरला १. म्हणजे बारा नंबरचा ओंकार फिरून एक नंबरच्या सईच्या मागे येऊन उभा राहिला आणि वारीतल्यासारखं एक रिंगण पुरं झालं. मोजलं तर अकरा मुलं.

उरलेली अकरा? ती आपसूक दुसऱ्या रिंगणात उभी होती: ५, १०, २०, १७, ११, २२, २१, १९, १५, ७, १४ आणि पुन्हा ५. गच्चीवर दोन रिंगणं, दोन्हीत अकरा-अकरा, एकही मूल बाहेर नाही.

हे असंच का व्हायचं, यावर आम्ही तिथेच बराच वेळ थांबलो, कारण सगळं मर्म इथेच आहे. पहिली गोष्ट, एका खांद्यावर दोन हात कधीच पडत नाहीत. दोन वेगळ्या आकड्यांची दुप्पट २३ च्या घड्याळात सारखी यायची असेल, तर त्या दोन आकड्यांमधल्या फरकाच्या दुपटीला २३ नं भाग जायला हवा. २३ मूळ आहे आणि २ ला त्यानं भाग जात नाही, मग फरकालाच भाग जायला हवा, आणि २२ च्या आतल्या दोन वेगळ्या आकड्यांच्या फरकाला तो जाऊ शकत नाही. प्रत्येकाचा एकच हात आणि प्रत्येकाच्या खांद्यावर एकच हात, म्हणून साखळी मध्येच कुठे अडकत नाही. ती जिथून निघाली तिथेच परत येते.

दुसरी गोष्ट, रिंगणं सारख्याच मापाची होतात. पहिल्या रिंगणातल्या प्रत्येक आकड्याला ५ नं गुणा: १ चे ५, २ चे १०, ४ चे २०, ८ चे ४०, म्हणजे १७. दुसरं रिंगण तयार. पहिलं जितक्या पावलांत घरी येतं तितक्याच पावलांत दुसरंही येणार.

आणि पहिलं रिंगण अकरा पावलांत घरी का आलं? अकरा वेळा दुप्पट म्हणजे २ चा ११ वा घात, २,०४८. तो २३ च्या घड्याळात १ वर येतो, याचाच अर्थ २,०४७ ला २३ नं भाग जातो. भाग जाणं आणि रिंगण पुरं होणं ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत.

आता ३१ कडे वळू. समजा आपल्या मोठ्या संख्येला कोणत्या तरी मूळ संख्येनं भाग जातो. तिला क म्हणू. क तासांच्या घड्याळात १ ते क उणे १ एवढी मुलं उभी करा आणि तोच दुपटीचा खेळ खेळा. भाग जातो, म्हणजे ३१ पावलांत रिंगण घरी येतं. त्याआधीच आलं तर? समजा ५ पावलांत आलं. मग ते १० व्या, १५ व्या, ३० व्या पावलालाही घरी असेल, आणि ३१ व्या पावलाला घरातून एक पाऊल पुढे गेलेलं असेल. ते चालणार नाही. ३१ व्या पावलाला घरी असायचं तर रिंगणाच्या मापानं ३१ ला भाग जायला हवा, आणि ३१ मूळ आहे. म्हणून माप ३१ च.

म्हणजे सगळी मुलं एकतीस-एकतीसच्या रिंगणांत बसतात, एकही उरत नाही. मुलांची संख्या, क उणे १, ही ३१ च्या पटीत हवी. शिवाय क विषम, म्हणून क उणे १ सम. दोन्ही मिळून ती ६२ च्या पटीत. तेव्हा आपल्या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६२ च्या पटीपेक्षा एकानं मोठाच असणार.

या एका वाक्यात किती काम वाचलं पाहा. ७, ११, १३, १७, १९ कुणाचीही चौकशी करायची गरज नाही. ६३ चालत नाही, कारण तो स्वतःच फुटतो. १२५, १८७, २४९ हेही फुटतात. पहिला खरा उमेदवार थेट ३११. त्याच्या खालच्या एकाही मूळ संख्येला हात लावावा लागत नाही. ४६,३४० पर्यंत ६२-६२ च्या पायऱ्या चढत गेलं तर उमेदवार उरतात ७४७.

आमच्या लहान उदाहरणावर पडताळा घ्या: २३ म्हणजे २२ अधिक १, ८९ म्हणजे चार वेळा २२ अधिक १. नियम चोख बसतो.

याच्यावर ऑयलरनं आणखी एक चाळणी लावली. ती थोडक्यात सांगते. २ चा ३१ वा घात क च्या घड्याळात १ वर येत असेल तर ३२ वा घात २ वर येतो. आणि ३२ वा घात म्हणजे १६ व्या घाताचा वर्ग. म्हणजे या घड्याळात २ हा कुणाचा तरी वर्ग आहे. हे प्रत्येक घड्याळाच्या नशिबी नसतं. ७ च्या घड्याळात ३ चा वर्ग ९, म्हणजे २. १७ च्या घड्याळात ६ चा वर्ग ३६, म्हणजे २. पण ३, ५, ११ किंवा १३ च्या घड्याळात कितीही वर्ग करा, २ कधीच येत नाही. नियम असा आहे की ८ नं भागल्यावर १ किंवा ७ बाकी उरणाऱ्या मूळ संख्यांच्याच घड्याळात २ हा वर्ग असतो. याची सिद्धता लांबलचक आहे, इथे ती बाजूला ठेवते. परिणाम मात्र लगेच दिसतो. ६२ च्या पायऱ्यांवरचे १, ६३, १२५, १८७ यांना ८ नं भागा. बाकी येते १, ७, ५, ३. पुढे दर २४८ ला हाच क्रम. पहिल्या दोन जाती ठेवायच्या, उरलेल्या दोन टाकायच्या. म्हणजे २४८ च्या पटीपेक्षा १ नं मोठे किंवा ६३ नं मोठे एवढेच आकडे पाहायचे. ४६,३४० पर्यंत २४८ च्या १८६ पायऱ्या, प्रत्येकीवर दोन उमेदवार. १८६ दुणे ३७२.

मूळ संख्या म्हटलं की आपल्याला फक्त नकार आठवतो: भाग जात नाही, फुटत नाही. शाळेत तेवढंच शिकवलं जातं आणि मुलांना ते कोरडं वाटतं, यात त्यांची चूक नाही. पण गच्चीवर जी रिंगणं दिसली ती मूळ संख्येच्या आतली रचना आहे, आणि त्या रचनेच्या जोरावरच ऑयलरला न पाहिलेल्या हजारो संख्यांबद्दल ठामपणे बोलता आलं.

पुढची हकीकत भराभर सांगते. ऑयलरची ही संख्या कित्येक दशकं जगातली सगळ्यात मोठी ज्ञात मूळ संख्या होती. १८११ साली पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञानं तिच्यावरून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येबद्दल लिहिलं की याहून मोठी बहुधा कधी सापडणारच नाही, कारण या गोष्टी केवळ कुतूहलाच्या, उपयोगाच्या नाहीत, मग कोण कशाला शोधेल. परिपूर्ण संख्या म्हणजे जिच्या स्वतःहून लहान विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच येते अशी, जशी ६ = १ + २ + ३. प्रत्येक मर्सेन मूळ संख्येमागे अशी एक परिपूर्ण संख्या असते. माणसाच्या कुतूहलाचा बार्लोचा अंदाज पार चुकला.

१८७६ मध्ये एदुआर ल्युकास या फ्रेंच गणितज्ञानं २ चा १२७ वा घात उणे १ ही ३९ आकडी संख्या मूळ असल्याचं दाखवलं. त्याची पद्धत भागाकारांची नाही. डेरिक लेमर यांनी १९३० मध्ये तिला दिलेलं रूप इतकं सुटसुटीत आहे की ३१ वर ते करून पाहूच. ३१ म्हणजे २ चा ५ वा घात उणे १. ४ पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, ३१ नं भागून बाकी घ्या. ४ चा वर्ग १६, उणे २, १४. १४ चा वर्ग १९६, उणे २, १९४, बाकी ८. ८ चा वर्ग ६४, उणे २, ६२, बाकी शून्य. घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे इथे तीन वेळा हे केल्यावर शून्य आला, तर संख्या मूळ, नाहीतर नाही. आपल्या मोठ्या संख्येसाठी हे फक्त २९ वेळा करायचं.

याच रस्त्यानं कॉम्प्युटर आज पुढे गेले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट या अमेरिकी तरुणानं घातांक १३,६२,७९,८४१ असलेली मर्सेन मूळ संख्या जाहीर केली. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. सेकंदाला एक अंक म्हणत गेलं तर रात्रंदिवस न थांबता पावणेपाचशे दिवस लागतील.

मर्सेनच्या यादीतला ६७ मात्र चुकीचा निघाला. १९०३ साली न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या एका सभेत फ्रँक कोल हे अमेरिकी गणितज्ञ फळ्यापाशी गेले, एक शब्द न बोलता त्यांनी २ चा ६७ वा घात उणे १ मांडला आणि शेजारी १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार करून दाखवला, असं सांगतात. दोन्ही उत्तरं एकच. गच्चीवरचा नियम इथेही लावून पाहा: १९,३७,०७,७२१ मधून १ वजा करा आणि ६७ च्या दुपटीनं, १३४ नं भागा. बरोबर १४,४५,५८० वेळा जातो. मी हा भागाकार पहिल्यांदा केला त्या दिवशी वही मिटवत नव्हती.

ऑयलरच्या संख्येला उपयोगही मिळाला, आणि तोही रिंगणातूनच. खेळात फासे टाकायचे असोत की प्रयोगासाठी यादृच्छिक नमुना काढायचा असो, कॉम्प्युटरला बेभरवशाचे वाटतील असे आकडे लागतात. त्यासाठी याच संख्येच्या घड्याळात गुणाकार करत राहायचं. २ नं गुणलं तर काम होत नाही, कारण तिथे दुपटीची रिंगणं फक्त एकतीस-एकतीसची आहेत. ७ नं गुणलं तर सगळी मिळून एकच रिंगण होतं: १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा नेमका एकदा येतो आणि मगच पहिला पुन्हा दिसतो. ७ च्या पाचव्या घातालाही, १६,८०७ ला, हाच गुण आहे. १९८८ मध्ये स्टीफन पार्क आणि कीथ मिलर यांनी हाच गुणक किमान दर्जा म्हणून सुचवला. १ पासून निघालं की आकडे येतात १६,८०७, मग २८,२४,७५,२४९, मग १,६२,२६,५०,०७३, मग ९८,४९,४३,६५८. क्रम ठरलेला, तरी डोळ्यांना वेडावाकडा. पद्धत नीट बसवली आहे की नाही हे पाहायला दहा हजारावा आकडा तपासतात: १,०४,३६,१८,०६५. संख्या मूळ नसती तर काही आकडे लहानशा कोंडाळ्यात अडकले असते आणि एवढं मोठं रिंगण झालंच नसतं. बँकेच्या व्यवहारांची कुलपं याहून पुष्कळ मोठ्या मूळ संख्यांवर चालतात, तिथे हा आकडा फार लहान पडेल. पण तो वेगळा विषय आहे.

आमच्या वर्गात गोष्ट इथे थांबली नाही. ओंकार म्हणाला, "बाई, तीनशे बहात्तरच ना? मग आपणच करू की."

मी आधी नको म्हणाले, परीक्षा जवळ आली होती. पण मुलांनी हिशेब मांडलाच होता. उमेदवारांत जे ३ च्या पटीत आहेत त्यांनी भागायचं कारणच नाही. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ४६, तिला ३ नं भाग जात नाही, मग ३ च्या पटीनं कुठून जाणार. ते टाकले तर १२४ गळतात. संख्या ७ वर संपते, म्हणून ५ च्या पटीतलेही टाकले, आणखी ५० गळाले. उरले १९८. वर्गात क्षणभर कुणी बोललं नाही, मग तीन-चार जण एकदमच म्हणाले: बावीस नवे एकशे अठ्ठ्याण्णव. प्रत्येकाला नऊ भागाकार, एकही जास्त नाही, एकही कमी नाही.

दोन रविवार लागले. नियम ठरला की मोबाइल खाली ठेवायचे, भागाकार पूर्ण मांडायचा, आणि शेजाऱ्यानं भागाकार गुणिले भाजक अधिक बाकी करून आपली मोठी संख्या परत मिळवून दाखवायची. पहिल्या ३११ ला भागाकार आला ६९,०५,०९२ आणि बाकी ३५. १,३०३ ला बाकी २२६. दोन ठिकाणी बाकी शून्य आली तेव्हा मुलं उभीच राहिली. दोन्हीकडे हातचा चुकला होता, शेजाऱ्यानं पकडला.

यादीतला शेवटचा उमेदवार ४६,१२९. तो सईच्या वाट्याला आला होता. संध्याकाळ झाली होती, गच्चीवरचा दिवा लावला होता, आणि बाकीची एकवीस मुलं तिच्या वहीभोवती उभी होती. भागाकार ४६,५५३. बाकी ४०,३१०. ओंकारनं दुसऱ्या पानावर उलट गुणाकार मांडला, बाकी मिळवली, आणि उजवीकडून एकेक अंक मोठ्यानं वाचत गेला: सात, चार, सहा, तीन, आठ, चार, सात, चार, एक, दोन.